विश्लेषण : झीज सोसणारे बीड किलोवर घ्यायचे की तासावर?

सकाळच्या चहात बुडवलेल्या बिस्किटातला मैदा, चहातली साखर, डोक्यावरचा पंखा फिरवणारी कोळशाची वीज आणि घराच्या भिंतीतले सिमेंट. या चारही गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी कुठे ना कुठे दळल्या, चिरडल्या किंवा पिळल्या गेलेल्या असतात. गहू वेगळा, ऊस वेगळा, कोळसा वेगळा आणि सिमेंटचा क्लिंकर वेगळा. पण त्यांना दळणारे किंवा पिळणारे यंत्राचे भाग बहुतेक वेळा एकाच कुळातले असतात. ते कूळ म्हणजे बीड, पुस्तकी भाषेत ओतीव लोखंड.

मात्र दळण दळताना दळणाराही झिजतो. घरातल्या जात्याला काही महिन्यांनी टाकी लावून घ्यावी लागे, हे आजीला विचारले तर ती सांगेल. कारखान्यातल्या रोलरचेही तसेच आहे. फरक एवढाच की तिथे यंत्र बंद ठेवावे लागते, क्रेन आणावी लागते आणि कित्येक टनांचा सुटा भाग बदलावा लागतो. हा खर्च शेवटी वीजबिलात, सिमेंटच्या गोणीत आणि उसाच्या हिशेबात उतरतो. म्हणूनच झीज सोसणारे बीड कसे बनते, कुठे चालते, कुठे चालत नाही आणि ते विकत घेताना आपण कुठे चुकतो, हे समजून घ्यायला हवे.

झीज इतकी महत्त्वाची का?

झीज म्हणजे पृष्ठभागावरून थोडे थोडे द्रव्य निघून जाणे. वाळूसारखा टणक कण धातूवर घासला की तो धातूत खोबण पाडतो. पाण्यातून किंवा हवेतून वेगाने येणारे कण धातूवर आदळत राहिले तर पृष्ठभाग टवके उडाल्यासारखा खरवडला जातो. दोन धातू तेलाविना एकमेकांवर घासले तर ते चिकटतात आणि सुटताना एकमेकांचे कण ओढून नेतात. या तिन्ही झिजांवर उपाय वेगवेगळा आहे, ही गोष्ट पुढे कामाला येईल.

ब्रिटनमध्ये १९६६ मध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला एक अहवाल दिला. घर्षण, झीज आणि वंगण यांचा नीट विचार केला तर ब्रिटिश उद्योगाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचू शकतात, असा त्यांचा अंदाज होता. या विषयाला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव त्याच अहवालाने रूढ केले. त्यानंतर २०१७ मध्ये होल्मबर्ग आणि एर्देमिर या संशोधकांनी जागतिक हिशेब मांडला. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के घर्षणावर मात करण्यात जाते आणि सुमारे ३ टक्के झिजलेले भाग व त्यांचे बदली भाग नव्याने घडवण्यात जाते. तीन टक्के हा आकडा लहान वाटतो. पण तो सगळ्या जगाच्या ऊर्जेतला आहे आणि त्यातून काहीही नवे उभे राहत नाही. जे होते तेच पुन्हा जागेवर बसवले जाते.

तव्याचे बीड आणि रोलरचे बीड एकच का?

नाही. घावन किंवा डोसा करायला जो बिडाचा तवा वापरतात, ते करडे बीड. लोखंडात साधारण दोन टक्क्यांपेक्षा जास्त कार्बन असला की आपण त्याला बीड म्हणतो. नेहमीच्या वापरातल्या बिडात तो अडीच ते चार टक्के असतो. पोलादात तो त्याहून बराच कमी असतो. जास्त कार्बनमुळे बीड पोलादापेक्षा तीनएकशे अंश कमी तापमानाला वितळते आणि साच्यात सहज भरते. म्हणूनच वाकडेतिकडे आकार बिडात ओतणे सोपे आणि स्वस्त पडते.

प्रश्न असा की हा एवढा कार्बन थंड होताना जातो कुठे? त्याला दोन वाटा असतात. लोखंड सावकाश थंड झाले आणि त्यात सिलिकॉन पुरेसे असले, तर कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा पडतो. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतले शिसे. असे बीड मोडले की तुटलेली बाजू करडी दिसते. ते यंत्रावर सहज कातता येते आणि कंपने शोषून घेते.

लोखंड झटपट थंड झाले किंवा त्यात क्रोमियम मिसळले, तर कार्बनला वेगळे पडायला सवड मिळत नाही. तो लोखंडाशीच संयोग पावतो आणि कार्बाइड नावाचा अतिशय टणक पदार्थ तयार होतो. असे बीड मोडले की तुटलेली बाजू चांदीसारखी पांढरी चमकते. हे पांढरे बीड. झीज सोसण्याचे मुख्य काम याचेच.

इंजिनीअरिंगला असताना औद्योगिक भेटीसाठी आम्ही कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत गेलो होतो. तिथल्या फोरमनकाकांनी भट्टीतल्या लोखंडाची एक लहान पाचर ओतून घेतली, पाण्यात गार केली आणि ऐरणीवर ठेवून हातोड्याने मोडली. ‘बघा रे पोरांनो, टोक कसलंय आणि बूड कसलंय,’ एवढेच ते म्हणाले. पाचरीचे बारीक टोक लवकर गार झाले होते, म्हणून ते पांढरे होते. जाड बूड सावकाश गार झाले, म्हणून ते करडे होते. एकाच लोखंडाचे, एकाच तुकड्यात दोन स्वभाव. दोन सत्रे वहीत उतरवलेली आकृती त्या एका घावात डोक्यात शिरली. या चाचणीला चिल टेस्ट म्हणतात आणि भट्टीतला माल कसा उतरणार हे ताडण्यासाठी फाउंड्रीत ती आजही केली जाते.

लोखंडाला वाळू का खाते?

कारण वाळू लोखंडापेक्षा टणक असते. टणकपणा मोजण्याची एक पद्धत विकर्स नावाची आहे. हिऱ्याचे टोक ठरावीक वजनाने पृष्ठभागावर दाबतात आणि उमटलेला खळगा मोजतात. या मोजपट्टीवर साधे पोलाद १२० ते १५० च्या घरात असते. वाळूतला मुख्य खनिज पदार्थ, म्हणजे क्वार्ट्झ, हजाराच्या आसपास किंवा त्याहून थोडा वर असतो. साध्या पांढऱ्या बिडातले लोखंडी कार्बाइड ८४० ते ११०० च्या दरम्यान भरते, म्हणजे वाळूशी जेमतेम बरोबरी.

इथे क्रोमियम कामाला येते. क्रोमियमचे प्रमाण १२ टक्क्यांच्या वर नेले की बिडात वेगळ्याच जातीचे कार्बाइड तयार होते. त्याचा टणकपणा साधारण १२०० ते १६०० असतो. आता पारडे फिरते. वाळूच्या कणाला या कार्बाइडवर ओरखडा काढणे अवघड जाते.

दुसरा फायदा त्याच्या आकारात आहे. साध्या पांढऱ्या बिडात कार्बाइडचे सलग जाळे असते. एका जागी तडा गेला की तो जाळ्याच्या वाटेने दूरवर धावतो. क्रोमियमच्या कार्बाइडच्या सुट्या कांड्या असतात. तडा एका कांडीपाशी आला तरी पुढे त्याला तुलनेने चिवट लोखंडातून जावे लागते. त्यामुळे जास्त क्रोमियमचे बीड अधिक टणक असूनही थोडे अधिक चिवट असते. काँक्रीटमध्ये खडी आणि सिमेंट यांचे जे नाते, तेच इथे कार्बाइड आणि भोवतालचे लोखंड यांचे आहे. खडी कितीही टणक असली तरी तिला धरून ठेवणारा मसाला कच्चा असेल तर ती निखळतेच.

निकेल आणि क्रोमियम : कोणता प्रकार कशासाठी?

भोवतालचे लोखंड, म्हणजे हा मसाला, पक्का करण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत.

पहिला मार्ग निकेलचा. साधारण ४ टक्के निकेल आणि २ टक्के क्रोमियम घातलेले पांढरे बीड ‘नाय-हार्ड’ या नावाने ओळखले जाते. इंटरनॅशनल निकेल कंपनीने ते विकसित केले. निकेलमुळे लोखंड साच्यात थंड होत असतानाच टणक अवस्थेत जाते. क्रोमियम कार्बनला ग्राफाइट होऊ देत नाही. त्यामुळे मोठ्या उष्णोपचार भट्टीशिवाय, कमी तापमानावर नुसते शेकून काम भागते. ‘नाय-हार्ड ४’ या सुधारित प्रकारात क्रोमियम ८-९ टक्के आणि निकेल ५-६ टक्के असते.

दुसरा मार्ग जास्त क्रोमियमचा. यात क्रोमियम १२ पासून ३० टक्क्यांपर्यंत असते. सोबत थोडे मॉलिब्डेनम घातले तर जाड भागही गाभ्यापर्यंत टणक होतो. पण हे बीड साच्यातून निघाल्याबरोबर कामाला योग्य असतेच असे नाही. ते ९५० ते १०५० अंश सेल्सिअसला काही तास तापवून मग पंख्याच्या हवेत गार करावे लागते. या तासांत भोवतालच्या लोखंडात बारीक कार्बाइडचे कण तयार होतात आणि गार होताना ते लोखंड टणक बनते.

आपल्याकडे या फरकाला आर्थिक बाजूही आहे. क्रोमाइटचे खनिज भारतात, मुख्यतः ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात आहे. निकेलसाठी मात्र आपण परदेशावर अवलंबून आहोत. निकेलचा भाव जागतिक बाजारात उसळला की नाय-हार्डचा दरही हलतो.

या बिडांसाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक आयएस ४७७१. अमेरिकेचे एएसटीएम ए५३२ हे मानकही आपल्या खरेदी-कागदांत सर्रास दिसते. कोणत्या वर्गात कोणता घटक किती आणि टणकपणा किमान किती, हे त्यात लिहिलेले असते.

ही कल्पना किती जुनी?

दोनशे वर्षांहून जुनी. इंग्लंडमधल्या इप्सविचचे रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये नांगराचा असा फाळ आणला, ज्याची खालची बाजू साच्यात झटपट गार होऊन टणक बने आणि वरची बाजू मऊ राही. शेतात चालताना मऊ बाजू आधी झिजे, टणक बाजू मागे राही आणि कड सतत धारदार राही. म्हणजे फाळाला शेतच धार लावून देई. झीज थांबवता येत नसेल तर तिला आपल्या सोयीच्या बाजूने वळवायचे, ही ती युक्ती होती.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्ये बेळगावात तयार झाला. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात ओतकामाची जी परंपरा आज शेकडो फाउंड्रींच्या रूपात दिसते, तिच्यामागे शेतीची अवजारे, तेलाची इंजिने आणि ऊस गाळणारी यंत्रे यांचा मोठा वाटा आहे.

कुठे कोणते बीड वापरतात?

कोळशाची चक्की : औष्णिक वीजकेंद्रात कोळसा तसाच जाळत नाहीत. तो पावडरीसारखा बारीक दळतात, इतका की सुमारे ७० टक्के पूड ७५ मायक्रॉनच्या जाळीतून गळून जावी. हे काम करणारे रोलर आणि त्यांच्याखालची कडी नाय-हार्ड किंवा जास्त क्रोमियमच्या बिडाची असतात.

सिमेंट : क्लिंकर दळणाऱ्या फिरत्या पिंपात हजारो गोळे एकमेकांवर आदळत असतात. हे गोळे आणि पिंपाचे अस्तर बहुधा जास्त क्रोमियमच्या बिडाचे असते.

राखेचा आणि गाळाचा पंप : खाणीत, वीजकेंद्रात आणि गाळ उपसण्याच्या कामात वाळूमिश्रित पाणी पंपातून जाते. पंखा आणि कवच यांना सुमारे २७ टक्के क्रोमियमचे बीड लावतात. क्रोमियम जास्त असल्याने ते गंजही काही प्रमाणात सोसते.

मैद्याची रोलर मिल : इथल्या रोलरची बाहेरची साल झटपट गार केलेल्या पांढऱ्या बिडाची आणि गाभा करड्या बिडाचा असतो. बाहेर टणक, आत चिवट. फोरमनकाकांच्या पाचरीतले तत्त्वच इथे मुद्दाम घडवून आणलेले असते.

साखर कारखाना : इथे गंमत आहे. उसाच्या मिल रोलरचे कवच करड्या, भरड कणांच्या बिडाचे असते. फार गुळगुळीत आणि टणक रोलर उसावरून घसरतो, त्याला पकड मिळत नाही. म्हणून खडबडीत राहणारे बीड मुद्दाम निवडतात आणि रोलरच्या दातांवर वेल्डिंगने टणक धातूचे खरखरीत ठिपके चढवतात. गळीत हंगाम चालू असताना, रोलर फिरत असतानाही हे आर्किंग केले जाते. त्या वेल्डिंगच्या कांडीतून उतरणारा धातू बहुधा जास्त क्रोमियमच्या पांढऱ्या बिडाचाच भाऊ असतो. शेतातून उसासोबत माती जितकी जास्त येईल, तितकी ही झीज वाढते.

गाडी आणि ट्रॅक्टर : इंजिनाचा सिलिंडर लायनर, ब्रेकची तबकडी आणि ड्रम करड्या बिडाचे असतात. लायनरमध्ये धातू धातूवर घासतो, वाळू नसते. तिथे ग्राफाइट स्वतःच थोडे वंगण पुरवते आणि त्याच्या खाचांत तेल टिकून राहते. म्हणजे झीज रोखायला प्रत्येक ठिकाणी टणकपणाच लागतो, हे खरे नाही.

मग सगळीकडेच पांढरे बीड का लावत नाहीत?

कारण ते ठिसूळ असते. खडी क्रशरच्या जबड्यात मोठा दगड येऊन आदळतो. तिथे पांढऱ्या बिडाची पट्टी लावली तर ती तडकेल. म्हणून जबड्याला मँगनीज पोलाद लावतात. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेले हे पोलाद ठोके खाऊन खाऊन वरच्या थरात टणक होत जाते आणि आतून चिवट राहते. गंमत अशी की त्याला ठोके मिळाले नाहीत, नुसती वाळूच घासत राहिली, तर ते फारसे टणक होत नाही आणि भराभर झिजते. तिथे पुन्हा पांढरे बीड सरस ठरते.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक पर्याय आहे. मॅग्नेशियम घालून ग्राफाइटच्या पापुद्र्यांऐवजी गोळ्या बनवण्याचा शोध १९४८ मध्ये जाहीर झाला. त्या बिडाला आपण एसजी आयर्न किंवा डक्टाइल आयर्न म्हणतो. ते तापवून २५० ते ४०० अंशांच्या क्षारांच्या द्रावात काही काळ धरले की एडीआय नावाचे चिवट आणि झीज सोसणारे बीड मिळते. गिअर आणि शेतीच्या अवजारांचे काही भाग यात बनतात.

पांढऱ्या बिडाच्या आणखीही अडचणी आहेत. ते साध्या हत्याराने कातता येत नाही, घासूनच मापात आणावे लागते. गॅस कटरने कापता येत नाही. वेल्डिंग केले तर तडे जातात. क्रशरमध्ये दगडाबरोबर एखादा जेसीबीचा तुटलेला दात गेला, तर जास्त क्रोमियमची पट्टी फुटू शकते आणि उडालेला तुकडा माणसाला लागू शकतो. म्हणून निवड चुकली तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही.

भारतीय कोळशाचा यात काय संबंध?

आपल्या कोळशात राख फार. साधारणपणे ३० ते ४५ टक्के राखेचा कोळसा आपल्या वीजकेंद्रांत येतो. ही राख जळल्यावर दिसते, पण तिची खनिजे कोळशात आधीपासूनच असतात. त्यात माती असते, तसा क्वार्ट्झही असतो. म्हणजे चक्कीचा रोलर कोळशाबरोबर वाळूही दळत असतो. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्रापासून कोराडी, खापरखेड्यापर्यंत विदर्भातल्या केंद्रांसाठी ही रोजची बाब आहे.

रोलर झिजला की पूड जाडी पडते. जाडी पूड पूर्ण जळत नाही, तिच्यातला काही कार्बन राखेबरोबर निघून जातो. त्याच पुडीसाठी चक्कीला जास्त वीज लागते आणि चक्कीची क्षमता घटते. कोळसा ओला असण्याच्या पावसाळी दिवसांत एखादी चक्की दुरुस्तीला गेली तर संचाला कमी भारावर चालवण्याची वेळ येते.

केंद्र सरकारच्या १९९७ च्या अधिसूचनेनुसार खाणीपासून १,००० किलोमीटरहून दूरच्या, तसेच शहरी व संवेदनशील भागांतल्या वीजकेंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा वापरण्यावर बंदी होती. पुढे तिच्या कक्षा बदलल्या. मे २०२० मध्ये राखेची ही मर्यादा काढून टाकण्यात आली. कोळसा धुण्याचा खर्च आणि धुताना निघणारा टाकाऊ माल ही कारणे त्यामागे होती. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर वाद आहे. पण एक गोष्ट वादाची नाही. राख खाणीपाशी वेगळी केली नाही तर ती चक्कीतून, नळ्यांतून आणि पंपातून जाणार आणि जाताना प्रत्येक ठिकाणी धातू खाणार. धुण्याचा खर्च वाचला असे म्हणताना झिजेचा खर्च त्याच कागदावर लिहायला हवा.

किलोचा हिशेब कुठे चुकतो?

आता मूळ मुद्दा. सार्वजनिक उपक्रमांत आणि सहकारी कारखान्यांत सुटे भाग बहुधा निविदा काढून घेतले जातात. तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी ज्याचा दर सर्वात कमी, त्याला काम. दर मात्र किलोवर किंवा नगावर मागितला जातो.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन फाउंड्री एक टनाचा रोलर देऊ करतात. पहिली १०० रुपये किलोने, म्हणजे एक लाखाला. दुसरी १६० रुपये किलोने, म्हणजे एक लाख साठ हजारांना. पहिलीचा रोलर ३,००० तास चालतो, दुसरीचा ६,००० तास. रोलर बदलायचा तर दर वेळी मजुरी, क्रेन आणि थांबलेले उत्पादन मिळून ५० हजार रुपये जातात असे धरू.

६,००० तासांसाठी पहिल्या फाउंड्रीचे दोन रोलर लागतील. दोन लाख मालाचे आणि एक लाख बदलण्याचे, असे एकूण तीन लाख रुपये. तासाला ५० रुपये. दुसऱ्या फाउंड्रीचा एकच रोलर लागेल. एक लाख साठ हजार अधिक ५० हजार, म्हणजे दोन लाख दहा हजार. तासाला ३५ रुपये. निविदेच्या कागदावर पहिली फाउंड्री ६० हजारांनी स्वस्त दिसते. प्रत्यक्षात ती ९० हजारांनी महाग पडते.

हा आकडा हिशेबतपासणीत कुठेही दिसत नाही. जास्त दर दिला तर चौकशी होते. रोलर लवकर झिजला तर त्याची नोंद ‘नेहमीची झीज’ म्हणून होते. त्यामुळे खरेदी अधिकाऱ्यालाही स्वस्त रोलर घेण्यातच सुरक्षित वाटते. यात त्याला दोष देणे सोपे आहे, पण दोष नियमांच्या मांडणीत आहे.

महाग तेच चांगले असा याचा अर्थ नाही. बारीक, गोलसर कणांचा गाळ असेल तर पंपात रबरी अस्तर बिडापेक्षा जास्त टिकू शकते. ठोक्याच्या जागी जास्त क्रोमियम लावणे म्हणजे पैसे देऊन तडे विकत घेणे. तास मोजले तरच हे कळते.

टणकपणाचा आकडा पुरेसा का नाही?

तक्रार झाली की अनेक ठिकाणी टणकपणा मोजण्याचे यंत्र आणले जाते. आकडा बरोबर आला की माल पास. पण हे यंत्र कार्बाइड आणि भोवतालचे लोखंड यांचा मिळून एकच आकडा देते. त्यात कार्बाइड कोणत्या जातीचे आहे, त्याच्या कांड्या आहेत की जाळे, हे कळत नाही. सारख्याच आकड्याचे दोन रोलर एकाच वाळूत वेगवेगळे झिजू शकतात. शिवाय वरच्या पाच मिलिमीटरमध्ये मिळालेला आकडा आत ५० मिलिमीटरवर असेलच असे नाही. उष्णोपचाराची भट्टी लवकर उघडली, विजेचे बिल वाचवायला दोन तास कापले, तर ते बाहेरून दिसत नाही. ते सहा महिन्यांनी रोलरच्या पोटात दिसते.

म्हणून रासायनिक घटकांचा अहवाल, उष्णोपचाराच्या भट्टीचा तापमान-वेळेचा आलेख आणि सूक्ष्मदर्शकाखालचे छायाचित्र ही तीन कागदपत्रे मालासोबत मागायला हवीत. चांगल्या फाउंड्रीकडे ती असतातच. ज्यांच्याकडे नसतात, त्यांना निविदेने ती ठेवायला भाग पाडावे. आज नेमके उलटे होते. नोंदी ठेवणारी फाउंड्री त्या खर्चामुळेच निविदेत मागे पडते.

ओतणाऱ्या हातांचे काय?

हे बीड ज्या साच्यात ओतले जाते, तो साचा बहुतेक वेळा सिलिका वाळूचा, म्हणजे क्वार्ट्झचाच असतो. साचा फोडताना आणि ओतलेला भाग घासताना त्याची बारीक धूळ उडते. जी वाळू रोलर खाते, तीच धूळ होऊन फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. कायद्यानुसार तो नोंद करणे बंधनकारक असलेला आजार आहे. पांढरे बीड कातता येत नाही, घासावेच लागते, म्हणून घासणाऱ्या कामगाराचा धुळीशी संबंध आणखी वाढतो.

धूळ ओढून घेणारी यंत्रणा, पाण्याचा फवारा, योग्य मास्क आणि नियमित छातीची तपासणी यांना पैसे लागतात. किलोमागे दोन रुपये कमी केले तर काम मिळते अशी स्थिती असेल, तर ते दोन रुपये बहुधा इथूनच कमी होतात. रोलर आणि रोलर घासणारा माणूस, दोघांची झीज एकाच निविदेत ठरते.

करायला काय हवे?

पहिले, झिजणाऱ्या भागांची खरेदी दर तासाच्या किंवा दर टन दळणाच्या खर्चावर व्हावी. यात नवे काही नाही. सिमेंट उद्योगात एक टन सिमेंट दळताना गोळे किती ग्रॅम झिजले, हे मोजूनच पुरवठादारांची तुलना होते. काही वीजकेंद्रे हमीचे तास मागतात. ही पद्धत अपवाद न राहता नियम व्हायला हवी. हमीपेक्षा कमी तास भरले तर पैसे कापावेत, जास्त भरले तर बक्षीस द्यावे.

दुसरे, प्रत्येक रोलर आणि पंख्याची नोंदवही ठेवावी. कधी बसवला, कोणता कोळसा किंवा किती माती आली, किती तास चालला, काढताना वजन किती होते. ही माहिती अनेक ठिकाणी फिटरच्या डोक्यात असते आणि तो निवृत्त झाला की जाते. एका साध्या स्प्रेडशीटने हे काम होते.

तिसरे, झिजलेला भाग भंगारात मिसळू नये. जास्त क्रोमियमचा झिजलेला तुकडा वेगळा ठेवून त्याच जातीच्या ओतकामासाठी भट्टीत परत गेला तर त्यातले बहुतांश क्रोमियम पुन्हा वापरात येते. साध्या भंगारात गेला तर ते वाया जाते आणि दुसऱ्याचे करडे बीडही बिघडवते.

चौथे, लहान फाउंड्रींना परवडेल अशी सामायिक तपासणी प्रयोगशाळा आणि उष्णोपचार भट्टी औद्योगिक वसाहतींत असावी. ग्राहकाने तास मागायचे आणि फाउंड्रीकडे ते सिद्ध करायचे साधन नाही, असे झाले तर या सुधारणेचा फायदा मोजक्या मोठ्या कंपन्यांनाच होईल.

यातले पहिले पाऊल फुकट आहे. निविदेच्या तक्त्यात ‘दर प्रति किलो’ या रकान्याशेजारी ‘हमीचे तास’ असा एक रकाना वाढवायचा आणि भागाकार करून मगच सर्वात कमी कोण ते ठरवायचे. येत्या हंगामाआधी जे रोलर दुरुस्तीला निघतील, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल.